लाल दोऱ्याची पोती

४ ऑक्टोबर

चि. ठोकळ्यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी पोती आज सकाळी मालगाडीत चढली. चढली म्हणजे मी उभी राहून चढवून घेतली. हमाल म्हणाला, "बाई, हातमोजेच आहेत ना, काचसामान तर नाही." मी म्हटलं, "ज्यांच्या हातात जायचेत त्यांना विचार." त्यावर बिचारा पुढची पोती जरा अलगद ठेवायला लागला.

दरवर्षी माल आधी शहरातल्या मोठ्या भांडारात जायचा, तिथे लोळत पडायचा आणि मग सावकाश तुमच्याकडे निघायचा. यंदा तू लिहिलंस, "आत्या, वर लढाई पेटलीय, बर्फही लवकर पडेल म्हणतात, थेट माझ्याकडे पाठव." पाठवली बाबा. भाचा रसदीचा कॅप्टन असल्याचा आम्हाला तरी कधी उपयोग व्हायचा?

शिवणखान्यात सध्या कुणी कुणाशी धड बोलत नाही. दोन्ही बाकांची चढाओढ लागली होती ना. काटकुळीच्या बाकानं आधी संपवलं, तर मास्तरीण म्हणते, "घाईची शिवण दिसतेच." मी दोघींना चहा पाजला आणि आपापल्या बाकाची पोती आपापल्या हातानं शिवायला लावली. लाल दोरा काटकुळीच्या बाकाचा, निळा मास्तरणीच्या. उद्या कुणाची शिवण उसवली तर बोलणी कुणाला खायला लावायची ते कळायला बरं.

तुझे बाबा रोज रेडिओला कान लावून बसतात, जणू निवेदक तुझं जेवण झालं की नाही ते सांगणार आहे. त्यांना चार ओळी लिही. पायमोजे ओले झाले की बदल. एवढं मोठं भांडार ताब्यात आहे, स्वतःसाठी एक जोड काढून घेतलास तर देश बुडत नाही.

तुझी,
आत्या


१९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार.

पोती मिळाली. एकही ओलं नाही, एकही फाटलेलं नाही. हमालाला तू काय बोललीस कुणास ठाऊक.

मी इथे नेमकं करतो काय, असं तू मागे विचारलं होतंस. खिंडीच्या पायथ्याशी पत्र्याच्या लांबच लांब शेड आहेत. खालून येतं ते मी घेतो आणि वर लागतं ते पाठवतो. रॉकेल, डबे, गोळ्या, औषधं, स्टोव्हच्या पिना. वर कड्याच्या धारेवर आपलं ठाणं आहे. ते टिकलं तर खिंड आपली. एकदा बर्फानं रस्ता बंद झाला की वसंतापर्यंत तिथल्या माणसांकडे जे असेल तेच. हेलिकॉप्टर आहे, पण वारा पडेल तेव्हा. लढणाऱ्यांची नावं होतात, आमची आठवण मीठ संपल्यावर होते. तेच बरं आहे. आमचं नाव निघालं नाही तर समजायचं की सगळं वेळेवर पोचलं.

आमच्यात पहिला धडा देतात तो असा, की कुठलीही वस्तू सगळीच्या सगळी एका गाडीत भरायची नाही. एक गाडी अडकली तरी प्रत्येक गोष्ट निदान अर्धी पोचली पाहिजे. तुझी पोती तर इतकी देखणी की मला माझे लहानपणचे ठोकळेच आठवले. लाल दोऱ्याची सगळी पुढच्या ट्रकमध्ये रचली, निळ्या दोऱ्याची मागच्या. अर्धी अर्धी, समान. माणशी दोन जोड आहेत, एक घालायला आणि एक वाळायला. गेल्या वर्षीच्यांच्या आता चिंध्या झाल्यात.

मागच्या ट्रकच्या ड्रायव्हरला आम्ही 'जांभई' म्हणतो. दिवसभर जांभया देतो आणि घाटात पापणी लवू देत नाही. तुझ्या पोत्यांवर बसून त्यानं डबा खाल्ला. म्हणाला, "साहेब, गादीपेक्षा मऊ आहेत."

उद्या सकाळी ताफा निघतो. तू थेट पाठवलंस म्हणून हे जमलं.

तुझा,
ठोकळ्या


६ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार.

घाईत लिहितोय. बर्फ अपेक्षेच्या फार आधी आला आणि रस्ता बंद झाला. पुढचा ट्रक पोचला. मागचा परत आला. बाकी सगळं ठीक आहे, काळजी नसावी.

एक सहज विचारतो. आपला डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात घालायची वेळ आली, तर काय करता येईल?

बाबांना सांग, मी मजेत आहे.

तुझा,
ठोकळ्या


१४ नोव्हेंबर

चि. ठोकळ्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं आणि लगेच कागद ओढून लिहायला बसले.

तुझा डावा हात कुठे आहे?

मला उगाच गोड गोड लिहू नकोस. ज्याला दोन हात आहेत तो डावा मोजा उजव्या हातात कशाला घालेल? ज्याच्याकडे तो मोजा रिकामा पडलाय, तोच असं विचारणार. तुझं अक्षर नेहमीसारखंच आहे म्हणून आधी जरा धीर आला, मग लक्षात आलं की तू उजव्या हातानं लिहितोस. त्यानं काय सिद्ध होतं? आणि वर "सहज विचारतो" म्हणे. लहानपणी माझी बरणी फोडून ठेवलीस तेव्हाही स्वयंपाकघरात येऊन "आत्या, काच कशानं चिकटते गं, सहज विचारतो" असंच म्हणाला होतास.

बाबांना काही सांगितलेलं नाही. ते विचारत होते, चेहरा का उतरलाय. म्हटलं, दाढ दुखतेय. आता ते दर तासाला लवंग आणून देतात.

मला उत्तरात शब्द नकोत. एक कागद घे, त्यावर एकेक हात ठेव आणि भोवती पेन्सिल फिरव. दोन्ही हातांचं. आम्ही माप घेतो तसं. ते पाठव.

आत्या


२२ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार.

सोबत दोन हातांचं माप. दोन्ही शाबूत आहेत. डाव्या अंगठ्याशी जो फुगवटा दिसतोय तो पेन्सिल घसरल्यामुळे. लवंग बंद कर.

आता खरं सांगतो. तेव्हाच सांगायला हवं होतं.

पुढचा ट्रक वर पोचला, पोती उघडली, आणि निघाले ते सगळे डावे मोजे. एकूण एक. उजवे होते निळ्या दोऱ्याच्या पोत्यांत, आणि ती पोती आत्ता माझ्या मागे शेडमध्ये रचलेली आहेत. काटकुळीच्या बाकावर फक्त डावे शिवतात आणि मास्तरणीच्या बाकावर फक्त उजवे, हे मला ठाऊक नव्हतं. शहरातल्या भांडारात माल उगाच लोळत पडतो असं आपण दोघं म्हणायचो ना? चौकशी केली तेव्हा कळलं, तिथे एका खोलीत बसून दोन माणसं वर्षानुवर्षं तुझ्या मोज्यांच्या जोड्या लावत होती. मी वेळ वाचवला तो त्या दोघांना गाळून.

वरची माणसं काय करताहेत ते वायरलेसवरून कळतं. डावा मोजा तसाच उजव्या हातात घातला तर तळव्याचं कातडं हाताच्या पाठीवर येतं आणि बोटं मिटत नाहीत. उलटा करून घातला तर आतलं लोकरीचं अस्तर बाहेर येतं, त्यावर बर्फ धरतो आणि हात भिजतो. आळीपाळीनं हात खिशात घालून पहारा देताहेत. पण फावडं एका हातानं चालत नाही, बंदूकही नाही. वारा थांबत नाही, त्यामुळे हेलिकॉप्टर नाही. पलीकडच्यांनी हल्ला केला तर उजवे हात उघडेच असतील. माझ्या डोळ्यांसमोरून ते हात हलत नाहीत.

काही सुचलं तर टपालात टाकू नकोस. तुझ्याकडच्या लष्करी कचेरीत कागद दे, ते तारेनं मला पाठवतील आणि मी वायरलेसवरून वर कळवीन.

आणखी एक. असं का झालं याचा अहवाल वरिष्ठांनी मागितलाय. मसुदा तयार आहे. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर हुकूम नसताना परत फिरला, म्हणून अर्धा माल पोचला नाही, असं लिहिलंय. ते खोटं नाही, तो फिरलाच होता. असं लिहिलं म्हणजे तुझ्या शिवणखान्यावर काही येत नाही, आणि माझ्यावरही. बायकांचं काम सुटता कामा नये. तू त्याचा विचार करू नकोस.

तुझा,
ठोकळ्या


२७ नोव्हेंबर

चि. ठोकळ्यास अनेक आशीर्वाद.

दोन्ही हात पोचले. उशाशी घेऊन निजले, आता हस खुशाल.

पत्र मी शिवणखान्यात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. मग काटकुळी म्हणाली, "म्हणजे माझेच पोचले." मास्तरीण म्हणाली, "मिरव आता." आणि दोघी एकदमच रडायला लागल्या. एकच हात दिवसभर शिवला की शिवण एकसारखी येते, म्हणून ही बाकांची पद्धत मीच घातली. कुणाला पत्ताच नव्हता की आपला मोजा दुसऱ्या बाकाच्या मोज्याला कुठे भेटतो.

मग कामाला लागलो. बर्फाच्या कारखान्याच्या मालकाला म्हटलं, तुझ्या बर्फाच्या खोलीत आम्हाला थोडं बसू दे. तो म्हणाला, "बाई, लोक इथून बाहेर पळतात." आम्ही बसलो. मोजा नुसता उलटा करून मीही पाहिला, तू लिहिलंस तसंच, लोकर ओली होते. मनगटाशी गुंडाळून पाहिलं, ते नको. शेवटी मास्तरणीनं रागानं अस्तरच उपटलं, आणि तिथे वाट सापडली. अस्तर आणि कॅनव्हास फक्त मनगटाशी आणि बोटांच्या टोकांशी जोडलेले असतात. ते टाके उसवायचे, अस्तर बाहेर ओढायचं, दोन्ही वेगवेगळे उलटे करायचे आणि अस्तर परत आत सारायचं. झाला उजवा मोजा. कातडं आतल्या बाजूला जातं, त्यामुळे पकड थोडी सुटते, पण हात कोरडा राहतो. त्यातच हात घालून मी बर्फाची लादी धरून बसले. मालकानं शेवटी मला हाताला धरून बाहेर काढलं.

म्हणजे प्रत्येकाच्या दोन डाव्यांतला एक उजवा होईल. वाळायला जोड उरणार नाही, स्टोव्हवर नीट लक्ष ठेवून सुकवा म्हणावं.

शिवणीचा कागद आजच कचेरीत दिला. तिथला कारकून म्हणाला, "आजी, तार आहे ही, पुराण नव्हे. निम्मं कापा." मी म्हटलं, एक शब्द कापायचा नाही. ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांना सुईत दोरा कसा ओवायचा तेही सांगायला लागतं. उसवताना कापड फाटू नये म्हणून काय करायचं, बोटं पेन्सिलीच्या बोथट टोकानं कशी उलटवायची, सगळं लिहिलंय. मध्ये एक ओळ आहे, "आता हात शेकून घ्या, काहीतरी खा, मग पुढचं करा." ती तर मुळीच गाळायची नाही म्हणाले. त्यानं हात जोडले आणि सगळं पाठवलं.

आता तुझ्या अहवालाचं. तो जांभईवाला परत का फिरला हे तू एका शब्दानं लिहिलं नाहीस, म्हणजे ते तुला माहीत आहे. पुढे रस्ताच नसेल. माझ्या बायकांना वाचवायला तू दुसऱ्याच्या घरातला कर्ता माणूस देतोयस आणि मला म्हणतोस विचार करू नकोस. मी त्याला पाहिलेलं नाही. पण माझ्या पोत्यांवर बसून त्यानं डबा खाल्लाय. मी आता सुखानं शिवू शकेन का? पोती मी वेगळी शिवली, जोड्या लावणारे तू गाळलेस, रंग बघून रचलीसही तूच. लिही तसं. शिवणखान्याचं नाव घालून लिही. बायकांना विचारलंय. काटकुळी म्हणाली, "काम गेलं तर पडदे शिवू."

तुझी,
आत्या


१६ डिसेंबर

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार.

तुझा मोजा झाला. वर सगळ्यांच्या उजव्या हातात आहे.

ते कसं झालं ते तुला ऐकायला हवं. ठाण्यावर एकच वायरलेसवाला आहे. मी इथून वाचत होतो, तो तिथे लिहून घेत होता आणि मोठ्यानं सांगत होता, आणि भोवती सगळे हातात सुई घेऊन बसलेले. "दोरा जिभेनं ओला करून टोक चपटं करा," असं मी वाचलं तर तो म्हणाला, "समजलं, जीभ, पुढे." मेजर साहेब माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, पलीकडचे हे ऐकत असतील तर त्यांचे सांकेतिक भाषेचे तज्ज्ञ आज डोकं धरून बसतील. 'आता हात शेकून घ्या' याचा अर्थ हल्ला की माघार, हे त्यांना अजून लागलं नसेल.

मध्ये थोडा वेळ संदेश तुटला होता. पुन्हा लागला आणि पुरा झाला.

चार दिवसांनी पलीकडच्यांनी खरोखरच चाल केली. ठाणं टिकलं. मोजे पुरले.

अहवाल बदलला. तू सांगितलंस तसा लिहिला, तिन्ही गोष्टी घालून. जांभईच्या पुढे कडा कोसळला होता, तेही लिहिलं. तो पुढे गेला असता तर ट्रकही गेला असता आणि तोही. मी त्याला आधीचा मसुदा दाखवला. दाखवायला नको होता, पण दाखवला. त्यानं वाचला, एक मोठी जांभई दिली आणि म्हणाला, "साहेब, चहा पिणार का?"

भांडार माझ्याकडे राहील की नाही ते चौकशीनंतर कळेल. तुझी पुढची मागणी मात्र तोवर थांबवली आहे. मला माफ कर.

तुझा,
ठोकळ्या


२९ डिसेंबर

चि. ठोकळ्यास अनेक आशीर्वाद.

मागणी थांबवल्याचा कागद आला. सध्या पडदे शिवतोय. एका शाळेचे आहेत, निळेभोर. मास्तरीण म्हणते, पडद्याला निदान डावं-उजवं नसतं. काटकुळी म्हणाली, "खिडकीला असतं," आणि झालं, तासभर तेच. बाक मी समोरासमोर लावलेत. आता भांडायला मान वळवावी लागत नाही.

माफी कसली मागतोस. तुझे बाबा म्हणाले, "पोराला शिक्षा होईल का?" मी म्हटलं, झाली तर खऱ्याची होईल. त्यांनी उठून रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "त्याला लिही, मी बरा आहे." तर लिहिलं.

पण ठोकळ्या, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू लिहिलंस, ठाणं टिकलं. तू लिहिलंस, मोजे पुरले. हात कसे आहेत ते कुठेच लिहिलं नाहीस. आणि ते "मध्ये थोडा वेळ संदेश तुटला होता" एवढं एकच वाक्य तू घाईत लिहिलंयस, अक्षर बघ तुझं.

काय झालं ते सांग. मला आता दाढदुखीचं सोंग पुन्हा करता यायचं नाही.

तुझी,
आत्या


२० जानेवारी

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार.

सांगतो.

संदेश तुटला तो "सगळे टाके उसवा, अस्तर बाहेर काढा" या वाक्यानंतर. वर सगळ्यांनी मोजे उसवून मांडीवर ठेवलेले. पुढचं कुणालाच ठाऊक नाही. आधी निदान उलटा मोजा तरी उजव्या हातात चढवता येत होता, आता अर्धे मोजे सुटे होऊन पडले. अँटेनाच्या तारेवर बर्फ चढून ती खाली आली होती. वायरलेसवाला बाहेर गेला. तार बांधायला बोटं लागतात. लिहून घेत असल्यानं त्याचा मोजा अजून उसवलेला नव्हता; तो डावा मोजा उलटा करून उजव्या हातात घातला तर गाठ बसेना, म्हणून त्यानं तो काढला. वारा जोरात होता. गाठ मारून तो आत आला आणि उरलेलं सगळं लिहून घेतलं. लिहिलं डाव्या हातानं, हे मला नंतर कळलं. त्यानं कुणाला हात दाखवला नाही. दाखवला असता तर त्याला शेकत बसवलं असतं आणि संदेश राहिला असता.

वारा पडल्यावर हेलिकॉप्टरनं त्याला खाली आणलं. उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारची, पेरापासून काढावी लागली. बाकीचा हात वाचला.

तुझी तार लांब होती म्हणून हे झालं, असं तू म्हणशील हे मला माहीत होतं. म्हणूनच लिहिलं नाही. मी दवाखान्यात जाऊन बसतो त्याच्यापाशी. त्याला मीच विचारलं, मी ती तार आखूड करून वाचायला हवी होती का? तो म्हणाला, "आखूड केली असतीत तर आम्ही अस्तर उलटं न करताच आत कोंबलं असतं." मग थोड्या वेळानं म्हणाला, "आणि ती काहीतरी खा म्हणाली ना, तेव्हा सगळ्यांना एकदम आठवलं की सकाळपासून कुणी खाल्लं नाहीये. ती बाई कोण आहे?"

मी म्हटलं, माझी आत्या.

तू शब्द मागत नाहीस, माप मागतेस, हे मी त्याला सांगितलं. त्यानं कागद मागून घेतला आणि डाव्या हातानं पेन्सिल फिरवली. सोबत आहे.

तुझा,
ठोकळ्या


९ फेब्रुवारी

चि. ठोकळ्यास अनेक आशीर्वाद.

कागद मिळाला. दोन दिवस मशीनच्या फळीवर तसाच होता. मी येताजाता त्यावर हात ठेवून बघत होते. माझा हात त्याच्या हातापेक्षा लहान आहे, पण दोन बोटं मात्र माझी लांब भरतात.

तार लांब होती, आणि पोती वेगळी होती. दोन्ही माझ्या हातचं. ते मी कुणावर ढकलणार नाही आणि उशाशीही घेऊन बसणार नाही. मला शिवायला येतं, ते करते.

एक जोड पाठवतेय. डावा मास्तरणीनं शिवलाय आणि उजवा काटकुळीनं. दोघींनी आयुष्यात पहिल्यांदा दुसरा हात शिवला, आणि एकमेकींना विचारून विचारून शिवला. उजव्याची दोन बोटं आखूड आहेत. तिथली शिवण टोकावर घेतलेली नाही, बाजूला वळवलीय. नवं कातडं फार हळवं असतं, टोकावरचा टाका त्याला बोचला असता. त्या दोन बोटांत अस्तर दुहेरी आहे. ती काटकुळीनं तीनदा उसवली. मी म्हटलं, बरं आहे गं. ती म्हणाली, "बरं नको, नीट हवं."

मागणीबद्दल कचेरीचं पत्र अजून नाही. यायचं तेव्हा येईल. पडदे संपलेत, आता टेबलक्लॉथ आलेत.

त्याला सांग, हा मोजा तारेबरोबर आला नाही, पोस्टानं आला, म्हणून उशीर झाला. आणि जांभईला म्हणावं, त्याच्या हातांचंही माप पाठव.

दोन्ही मोजे एका दोरीनं मनगटाशी बांधलेत. दोरी लांब ठेवलीय, बाहीतून ओवता येईल अशी. अर्धी लाल आहे, अर्धी निळी. तू ती सोडवू नकोस, रंग बघून रचूही नकोस. जोडीनंच त्याच्या हातात दे.

तुझी,
आत्या